एका वाचकाचें लेखन

दरवर्षीं एप्रिल महिन्याच्या अखेरीस आमच्या विभागांतील एक लोखंडी कपाट रिकामें करण्याचा प्रसंग येतो. विद्यार्थ्यांनीं वर्षभर लिहून दिलेले निबंध व टिपणें ठरलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवावीं लागतात. मुदत सरली कीं त्यांचे गठ्ठे सुतळीनें बांधून शिपाई ते रद्दीवाल्याच्या स्वाधीन करतो. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक गठ्ठा सुटून त्यांतील कागद आमच्या टेबलाभोंवतीं पसरले, आणि ते गोळा करतां करतां त्यांतील वीसपंचवीस निबंध आम्हीं पुन्हां वाचले. पुन्हां वाचले म्हणण्यापेक्षां प्रथमच वाचले म्हणणें अधिक खरें होईल. कारण पूर्वीं आम्हीं ते तपासले होते. तपासणें आणि वाचणें ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट पंचवीसतीस वर्षें अध्यापन करूनहि आमच्या नीटशी ध्यानांत आली नव्हती.

त्या कागदांत फारसें अशुद्ध असें कांहीं नव्हतें. अक्षर सुवाच्य होतें, मुद्दे क्रमानें आले होते, मिल्ल आणि कांट ह्यांचीं मतें आपापल्या जागीं मुकाट्यानें बसलीं होतीं. उणीव होती ती एवढीच, कीं त्यांतील एकहि वाक्य कोणाला उद्देशून लिहिलेलें नव्हतें. “वरील विवेचनावरून असें दिसून येतें कीं” ह्या शब्दांनीं सुरू होणारा परिच्छेद बहुतेक निबंधांच्या शेवटीं होता, आणि पुष्कळ ठिकाणीं वर विवेचन असें कांहीं नव्हतेंच. ज्या मुलामुलींना आम्ही व्हरांड्यांत तावातावानें बोलतांना ऐकतों, ज्यांचीं मतें ठाम, चमत्कारिक आणि पुष्कळदां विचार करण्याजोगीं असतात, त्यांच्याच हातचे हे निबंध होते, ह्यावर विश्वास बसेना.

विचार करतां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, दोष मुलांचा नसून त्यांच्याकडून आम्हीं मागितलेल्या वस्तूचाच आहे. माणूस लिहितो तें दुसऱ्यास ठाऊक नसलेलें कळविण्यासाठीं. पत्र घ्या, अर्ज घ्या, दुकानाची खतावणी घ्या, बखर घ्या. प्रत्येकाच्या मागें न जाणणारा असा कोणी तरी असतो. परीक्षेसाठीं लिहिणाऱ्याचें मात्र सर्व उलटें. त्याला एकच वाचक, आणि तोहि असा कीं लिहिणाऱ्यापेक्षां त्याला त्या विषयांतलें अधिक कळतें. जाणणाऱ्यास जाणलेलें सांगावयाचें, तें त्यानें मान्य करावें म्हणून सांगावयाचें, आणि त्यानें मान्य केल्याची खूण म्हणून अंक घ्यावयाचा! असल्या व्यवहारांत जें निर्माण होतें त्याला आम्ही लेखन म्हणतों, हाच मुळीं भाषेचा गैरवापर आहे. २०२२ सालच्या अखेरीपासून निबंध लिहून देणारें यंत्र घरोघरीं पोंचलें, तेव्हां आमच्या व्यवसायांतील मंडळींनीं मोठी हाकाटी केली. आम्हीहि त्यांत होतों. पण जें कोणीच कोणाला उद्देशून लिहीत नाहीं तें यंत्रानें लिहिलें म्हणून नेमकें काय हरवलें, हा प्रश्न त्या वेळीं आम्हांस सुचला नाहीं.

एका वाचकाऐवजीं अनेक वाचक द्यावे, हा ह्यावरील उपाय कांहीं नवा नाहीं. मुंबईस १८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थी व अध्यापक ह्यांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तेथें सभासद निबंध वाचीत व त्यांवर चर्चा होई. तिच्याच मराठी शाखेंतून १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघालें, आणि १८४९ सालीं ह्या सभासदांनीं मुलींच्या शाळा काढून प्रारंभीं स्वतः बिनवेतन शिकविण्याचें काम पत्करलें. त्या निबंधांना कोणी अंक दिले नव्हते. स्त्रीशिक्षणावर बोलावयाचें, तें शेजारीं बसलेल्यानें ऐकावयाचें, आणि मग ‘तूं बोललास, आतां कर’ असें त्याच्या मुद्रेवर वाचावयाचें. ह्या गोष्टींत जी शक्ति आहे ती आमच्या लाल पेन्सिलींत नाहीं. रोमन अध्यापक क्विंटिलियन ह्यानेंहि पहिल्या शतकांत मुलास घरीं शिकवावें कीं शाळेंत, ह्याचा विचार करतांना शाळेच्या बाजूनें कौल दिला. त्याच्या कारणांपैकीं एक असें कीं, घरीं मुलगा आपल्याला सांगितलेलें तेवढेंच शिकेल. शाळेंत दुसऱ्यांस सांगितलेलेंहि शिकेल.

आणि आपल्याकडील शास्त्रकारांनीं तर ह्याहून बारीक विचार केला आहे. न्यायसूत्रांत कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत, हें वाचकांस ठाऊक असेल. जल्पांत व वितंडेंत जिंकणें हा हेतु. वादांत तत्त्व कळणें हा. पण हा तत्त्वशोधाचा संवाद कोणाबरोबर करावा, हें चौथ्या अध्यायांत सांगतांना सूत्रकार गुरूबरोबर शिष्याचें आणि सब्रह्मचाऱ्याचेंहि नांव घेतात. सब्रह्मचारी म्हणजे बरोबर शिकणारा. आजच्या भाषेंत वर्गबंधु. ह्या सगळ्यांना मिळून त्यांनीं एक विशेषण लाविलें आहे: अनसूयी. दुसऱ्याच्या गुणांतहि दोष पाहण्याची जी वृत्ति ती असूया. ती ज्यांच्या ठिकाणीं नाहीं त्यांच्याशींच हा संवाद करावा. आम्हीं हें सूत्र अनेक वर्षें शिकविलें. सब्रह्मचारी ह्या शब्दावर आमचा भर असे; अनसूयी हा शब्द आम्ही शिष्टाचाराचा समजून पुढें जात असूं. त्याचें प्रायश्चित्त पुढें घडलें.

गठ्ठा सुटला त्याच वर्षीं जूनमध्यें आम्हीं नीतिशास्त्राच्या वर्गांत एक नवी रीति सुरू केली. निबंध सुट्या कागदांवर घेणें बंद केलें. जाड बांधणीच्या दोनशें पानांच्या तीन वह्या आणून त्या विभागाच्या ग्रंथालयांतील लांब टेबलावर ठेविल्या. दर पंधरवड्यास एक प्रश्न द्यावयाचा; प्रत्येकानें एक पान लिहावयाचें, खालीं नांव घालावयाचें, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी पानाखालीं चार ओळी उत्तर म्हणून लिहावयाच्या. वही ग्रंथालयाबाहेर न्यावयाची नाहीं, एवढाच काय तो निर्बंध. अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण ह्या लेखनास ठेविले होते, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवितों.

पहिले दोन पंधरवडे फुकट गेले. मुलांनीं वहींतहि “वरील विवेचनावरून” काढलें, आणि खालच्या ओळींत “तुझे विचार फार सुंदर आहेत” अशी परस्परांची आरती केली. तिसरा प्रश्न होता, मरणोन्मुख रोग्यास त्याची स्थिति खरी सांगावी कीं नाहीं. एका हुशार मुलानें असत्य बोलण्याच्या कथित हक्कावरील कांटच्या १७९७ सालच्या निबंधाचा आधार घेऊन लिहिलें कीं, सत्य हें कोणत्याहि परिस्थितींत सांगितलेंच पाहिजे. पान नेटकें होतें; जुन्या रीतीनें तपासलें असतें तर आम्हीं त्याला दहांपैकीं आठ दिले असते. त्याखालीं एका मुलीनें उत्तर लिहिलें. ती रात्रीं एका रुग्णालयांत मदतनीस म्हणून काम करी, हें आम्हांसहि तेव्हांच कळलें. तिनें लिहिलें होतें तें थोडक्यांत असें: जे विचारतात त्यांना बहुधा उत्तर ठाऊक असतें, ते खरें ऐकण्यासाठीं विचारीत नाहींत, बोलणारा आपल्याजवळ थांबतो कीं निघून जातो हें पाहण्यासाठीं विचारतात, तेव्हां सांगावें कीं न सांगावें ह्याच्या आधीं थांबावें कीं नाहीं हा प्रश्न आहे. पुढल्या आठवड्यांत त्या मुलानें आपल्या पानावर आडवी रेघ मारून मागच्या बाजूस नवें पान लिहिलें. कांट त्यानें सोडला नव्हता. पण आतां तो कांटशीं भांडत होता. आमच्या सांगण्यावरून तीन वर्षांत एकाहि विद्यार्थ्यानें एकहि पान असें खोडलेलें आम्हांस आठवत नाहीं.

त्यानंतर वही वाहूं लागली. मुलें दुपारच्या सुट्टींत टेबलाभोंवतीं उभीं राहून वाचीत. उत्तराखालीं प्रत्युत्तर, त्याच्या बाजूला समासांत तिसऱ्याची टीप, असें होऊन एकेका पानास जुन्या सटीक पोथीचें रूप आलें. आम्हांस साहजिकच अभिमान वाटला. सहकाऱ्यांस आम्हीं त्या वह्या दाखविल्या; एकदोन पाहुण्यांसहि दाखविल्या. त्या दाखवितांना मुलांना विचारावें असें आमच्या मनांत आलें नाहीं, ही गोष्ट पुढील हकीगतीच्या आधींच सांगून टाकलेली बरी.

दुसऱ्या सत्रांत वचनपालनाविषयीं प्रश्न होता. एका विद्यार्थ्यानें आपल्या घरांत दिलें गेलेलें व मोडलेलें एक वचन विषय म्हणून घेतलें. त्या वर्षांतील तें सर्वांत उत्तम पान होतें. तें कोणीं दिलें, कां मोडलें, मोडणाऱ्याचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, हें सर्व त्यानें कोणावरहि राग न धरतां, पण कांहीं न लपवितां लिहिलें होतें. वर्गांतल्याच कोणीं तरी मोबाइलवर त्या पानाचें छायाचित्र काढलें. वाईट हेतूनें काढलें असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. कदाचित् आवडलें म्हणूनच काढलें असेल. तें एकाकडून दुसऱ्याकडे गेलें, आणि चारपांच दिवसांनीं त्या मुलाच्या गांवांत पोंचलें. तेथें जें कांहीं झालें तें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. प्लेटोनें ‘फीड्रस’ संवादांत लेखनावर असा आक्षेप घेतला आहे कीं, एकदां लिहिलेलें वचन समजणाऱ्यांत व न समजणाऱ्यांत सारखेंच भटकतें, आणि कोणीं त्याच्यावर अन्याय केला तर त्याला स्वतःचा बचाव करतां येत नाहीं. बापानें येऊन तो करावा लागतो. आम्ही हा उतारा दरवर्षीं शिकवितों. ह्या खेपेस पान तर भटकलेंच, पण त्याच्या मागोमाग घरीं जाऊन बचाव करण्याची पाळी ज्या मुलावर आली त्याचें वय एकोणीस होतें.

तो पंधरा दिवसांनीं आमच्या खोलींत आला. तक्रार करील, रडेल, निदान छायाचित्र काढणाऱ्याचें नांव तरी घेईल, अशी आमची समजूत होती. त्यानें एकच विचारलें: “सर, मीं वहींत लिहिलें नसतें तर माझे गुण गेले असते का?”

आम्हीं म्हटलें, “हो, गेले असते.”

“मग ठीक आहे,” असें म्हणून तो उठला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां वहींत लिहिलें नाहीं, आणि आम्हीं त्याचे गुण कापले नाहींत. हें औदार्य नव्हतें. ही आमची घाबरगुंडी होती.

त्या “मग ठीक आहे” ह्या शब्दांचा अर्थ लावण्यांत आमचे पुष्कळ दिवस गेले. प्रथम आम्हीं त्याचा अर्थ असा घेतला कीं, दोष त्याचा नव्हता, नियमाचा होता, एवढें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. घरीं सांगावयास त्याला तें उपयोगी पडलें असेल. पण त्यांत आमच्यावरचा आरोपहि होता. आम्हीं त्याला लिहावयास भाग पाडलें नव्हतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटत होतें. ‘वचनाविषयीं लिहा’ असें आम्ही म्हणालों होतों; ‘घरचें लिहा’ असें नव्हे. वही उघडी आहे हें त्यास ठाऊक होतें. त्यानें नांव स्वतः घातलें. कायद्याच्या भाषेंत ही संमति झाली. पण ज्याला नाहीं म्हणण्याची किंमत दहा गुण पडते, त्याचें होय हें होय नव्हे. सावकारापुढें ऋणको अंगठा उठवितो तेव्हां त्याच्या संमतीविषयीं आपण काय म्हणतों, हें आम्ही त्याच वर्गांत शिकवीत होतों; आणि आमचाच वर्ग ही त्या प्रकारची एक लहानशी पेढी आहे हें आम्हांस दिसलें नव्हतें.

आमचे एक सहकारी आहेत. वयानें आमच्याहून वडील, मताचे परखड. त्यांचें म्हणणें असें पडलें, “अहो, जो बोलतो त्यानें परिणाम सोसावे. गुप्तपणें लिहूं दिलें तर भेकड मुलें तयार होतील. उलट बरें झालें, त्याला शब्दाचें वजन कळलें.” ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. शिवाय एका वाचकापुरतें लिहिलेलें सुरक्षित असतें, ही समजूतहि खरी नव्हे. न्यायमूर्ति रानड्यांच्या चरित्रांत अशी हकीगत येते कीं, विद्यार्थी असतांना त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य ह्यांची तुलना करून इंग्रजांस उणें ठरविलें, तेव्हां एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. हे ग्रँट साहेब कोणी अडाणी अंमलदार नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित संपादक होते. तो निबंध कोणीं भिंतीवर लाविला नव्हता, गांवभर फिरविला नव्हता. वाचक एकच, पण त्याच्या हातीं शिष्यवृत्ति होती. तेव्हां आपण जिला गुप्तता म्हणतों ती पुष्कळदां केवळ एका न्यायाधीशापुढें एकटें उभें राहणें असतें. चार सब्रह्मचारी तेथें असते तर रानड्यांच्या बाजूनें बोलणारा एखादा तरी निघाला असता.

पण आमच्या सहकाऱ्यांचें म्हणणें पूर्णतः स्वीकारण्याच्या आड आम्हांस दुसरी एक हकीगत येते. फ्रान्समध्यें सेलेस्तँ फ्रेने नांवाचा एक प्राथमिक शिक्षक होऊन गेला. पहिल्या महायुद्धांत फुफ्फुसास जखम झाल्यामुळें त्याला वर्गांत फार वेळ बोलवत नसे. दक्षिणेकडील बार-सूर-लू ह्या डोंगरी गांवच्या शाळेंत त्यानें १९२४ च्या सुमारास एक लहानसा हातछापखाना आणला. मुलांनीं आपल्या मनचें लिहावें, कोणाचें छापावें हें वर्गानें मिळून ठरवावें, खिळेहि मुलांनींच जुळवावे, आणि छापलेले कागद दूरच्या शाळांतील मुलांकडे पाठवून त्यांचे आपण मागवावे, अशी त्याची पद्धत होती. आम्हीं तीन वह्यांत जें केलें तें त्यानें शंभर वर्षांपूर्वीं किती तरी अधिक कौशल्यानें केलें होतें. पुढें १९२८ सालीं तो सँ-पॉल ह्या गांवीं गेला. तेथें गांवांतील कांहीं पुढाऱ्यांशीं त्याचें वांकडें आलें. १९३२ च्या डिसेंबरांत त्या गांवच्या भिंतींवर पत्रकें झळकलीं. त्यांवर त्याच्याच वर्गांतील एका मुलानें लिहिलेलें एक स्वप्न होतें. शाळेला साहित्य देत नाहीं म्हणून सबंध वर्गानें मेयरविरुद्ध उठाव केला आणि झटापटींत त्या मुलानें मेयरला ठार मारलें, असें तें स्वप्न. विरोधकांनीं त्याचा उपयोग, हा शिक्षक मुलांस काय शिकवितो पाहा, हें दाखविण्याकडे केला. तंटा वाढला, आणि १९३३ सालीं फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. १९३५ सालीं वाँस येथें त्यानें स्वतःची शाळा उघडली. ती पुढें जगभर गाजली.

इतिहासांत ही गोष्ट फ्रेनेवरील अन्याय म्हणून सांगितली जाते, आणि तो अन्याय होताच. परंतु आमचें लक्ष वारंवार त्या मुलाकडे जातें. त्यानें आपलें स्वप्न वर्गमित्रांस सांगितलें होतें. वर्गमित्रांत स्वप्न हें स्वप्नच राहतें. ऐकणारे हंसतात, आपलेंहि सांगतात. तेंच भिंतीवर गेल्याबरोबर साक्षीपुरावा झालें. मजकुरांत अक्षराचाहि फरक नव्हता. बदलली ती वाचणाऱ्याची वृत्ति. तेथें अनसूयी कोणी उरला नव्हता. सूत्रकारांनीं तें विशेषण शिष्टाचारासाठीं घातलेलें नाहीं, हें आम्हांस येथें कळलें. ती संवादाची शोभा नव्हे, त्याची हद्द आहे.

ही हद्द कोणीं आंखावयाची, हा खरा प्रश्न. आम्ही आंखूं, असें आम्हांस प्रथम वाटलें. पुढील वर्षाकरितां आम्हीं एक नियम लिहूनहि काढला: वहींत युक्तिवाद लिहावा, स्वतःचा अनुभव लिहूं नये. दोन पंधरवडे तो चालविला, आणि वही पुन्हां रद्दीच्या गठ्ठ्यासारखी झाली. नीतिशास्त्रांत अनुभव म्हणजे युक्तिवादास लाविलेला अलंकार नव्हे. पुष्कळदां तोच युक्तिवाद असतो. रुग्णालयांत काम करणाऱ्या त्या मुलीच्या उत्तरांतून तिचा अनुभव काढून घेतला तर मागें काय राहतें? शिवाय कोणता अनुभव निरुपद्रवी आणि कोणता नाहीं, हें आम्हीं कसें ठरवावें? ज्या गांवीं तो पोंचावयाचा तें गांव आम्हीं पाहिलेलें नसतें. तें लिहिणाऱ्यासच ठाऊक.

म्हणून शेवटीं हद्द त्याच्याच हातीं दिली. हल्लीं आमच्या वहींत पान दुमडून टांचणीनें बंद करण्याची मोकळीक आहे. दुमडलेलें पान आमच्याखेरीज कोणीं उघडावयाचें नाहीं. ज्याला तेंहि नको त्यानें सुटा कागद आमच्या हातीं द्यावा. कारण सांगावें लागत नाहीं. गुण लिहिण्यास आहेत, उघडें ठेवण्यास नाहींत. वहीच्या टेबलापाशीं मोबाइल आणावयाचा नाहीं. आणि पाहुण्यांस दाखविण्याचें आम्हीं बंद केलें आहे. ही शेवटची गोष्ट सर्वांत जड गेली, हें कबूल केलें पाहिजे. मुलांच्या प्रगतिपुस्तकाचें छायाचित्र काढून तें चाळीस नातेवाइकांस धाडणाऱ्या आईबापांना आम्ही मनांतल्या मनांत हंसत असूं. पण आमच्या कपाटांतल्या वह्या आम्ही पाहुण्यांपुढें उलगडीत होतों, तें तरी दुसरें काय होतें?

ह्या व्यवस्थेनें सर्व सुरळीत झालें असें लिहितां आलें असतें तर आम्हांसहि बरें वाटलें असतें. तसें झालेलें नाहीं. पहिल्याच सत्रांत निम्म्याहून अधिक पानें दुमडलीं गेलीं, आणि तीं कोणाचीं हें पाहिल्यावर आम्ही अस्वस्थ झालों. मुलींचीं अधिक, खेड्यांतून आलेल्यांचीं अधिक, घरांत पहिल्यानेंच कॉलेजांत आलेल्यांचीं अधिक. उघडीं राहिलीं तीं बहुतेक अशांचीं, कीं ज्यांना लहानपणापासून घरांत बोलावयाची संवय आहे आणि ज्यांच्या बोलण्याचे परिणाम घरच्यांच्या इभ्रतीमुळें आपोआप बोथट होतात. म्हणजे गप्प राहण्याचा हक्क आम्हीं सर्वांस सारखा वांटला, आणि वहींत मात्र पूर्वीपासून बोलत आलेलेच तेवढे बोलूं लागले. रात्रपाळीच्या त्या मुलीसारखी एखादी आतां आली, तर तिचें उत्तर टांचणीखालीं राहील, आणि कांटचा आधार घेणाऱ्या मुलाचें पान खोडल्यावांचून तसेंच राहील. सक्तीनें जें मिळत होतें तें अन्यायाचें होतें हें खरें. पण तें खोटें नव्हतें. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा हें आम्हांस अजून सुटलेलें नाहीं. दुमडलेल्या पानाच्या मालकास एकटें गांठून “हें उघडतोस का?” असें विचारण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु प्राध्यापकानें विचारलेला प्रश्न विद्यार्थ्यास प्रश्न म्हणून ऐकूं येत नाहीं, तो हुकूम म्हणून ऐकूं येतो. आणि आम्ही पुन्हां त्या पेढीवर जाऊन बसतों.

एक गोष्ट मात्र ध्यानांत आली, आणि ती इतकी साधी होती कीं एवढीं वर्षें ती सुचली नाहीं ह्याचा संकोच वाटतो. तीन वह्यांत मिळून शेंकडों पानें लिहिलीं गेलीं होतीं. त्यांत आमचें एकहि नव्हतें. ज्याला स्वतःचें कांहीं उघडें टाकावें लागत नाहीं, त्यानें दुसऱ्यांचें उघडें वाचावें, ह्यालाच खरें म्हणजे तपासणें म्हणावयाचें. सूत्रकारांनीं अनसूयी हें विशेषण सब्रह्मचाऱ्याइतकेंच गुरूलाहि लाविलें आहे. तेव्हां गतवर्षीं नव्या वहीचें पहिलें पान आम्हीं लिहावयाचें ठरविलें. विषयहि ठरलेला होता: ह्या लेखांत सांगितलेली, वचनपालनाच्या पानाची हकीगत.

लिहावयास बसलों आणि लेखणी थांबली. ती हकीगत एकट्या आमची नव्हती. तो विद्यार्थी आतां पदवीधर होऊन दुसऱ्या शहरीं नोकरीस आहे. आमच्या त्याच्यामध्यें गुणांचा व्यवहार उरलेला नाहीं. आम्हीं त्याला पत्र लिहिलें, मसुदा सोबत जोडला, आणि नको असल्यास उत्तरहि पाठवूं नकोस असें कळविलें. तीन आठवडे कांहीं आलें नाहीं. आम्हीं तो विषय सोडून दिला व दुसरें एक पान लिहिलें. त्याखालीं दुसऱ्याच दिवशीं एका मुलीनें, तुमचा दुसरा परिच्छेद पहिल्याशीं जुळत नाहीं, असें स्वच्छ अक्षरांत लिहून ठेविलें. तो खरोखरच जुळत नव्हता.

पुढें चौथ्या आठवड्यांत त्याचें पाकीट आलें. आंत आमचाच मसुदा होता. पत्र वेगळें नव्हतें. वहींत नको, पण मासिकांत चालेल, असें त्यानें वर लिहिलें होतें. गांवचा उल्लेख त्यानें काढला होता, आणि शिवाय दोन वाक्यांवर रेघ मारली होती. त्यांपैकीं एक वाक्य आमच्या मतें सबंध लेखांतील सर्वांत चांगलें होतें. तें आम्हीं येथें घेतलेलें नाहीं.